घरात नऊ मतं, त्यातलं माझं कुठलं?

प्रिय बाई,

मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात सून आहे. वय ३१, बी.ए. झालंय, आता शेती आणि घर. सहा एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. घरात नऊ मतं आहेत आणि मामा, म्हणजे माझे सासरे, गावभर सांगतात, "आमची नऊच्या नऊ एका ठिकाणी पडतात." मागच्या लोकसभेला त्यांनी सांगितलं तिथं मीही बटण दाबलं. बाहेर आले आणि कसंतरीच झालं. आपण हे का केलं, ते मला माझंच सांगता येईना.

थोरले भाऊजी एका पक्षाचे बूथप्रमुख आहेत. पण मामांच्या बायपासच्या वेळी धावून आले ते दुसऱ्याच पक्षाचे आमदार, म्हणून मामा त्यांचा शब्द मोडत नाहीत. माहेरी माझा भाऊ तिसराच झेंडा घेऊन फिरतो. लाडक्या बहिणीचे पैसे येतात म्हणून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, "ज्याचं खाल्लं त्याला जागावं माणसानं." आमचे हे म्हणतात, "सगळे सारखेच हायेत, नोटा दाब अन् मोकळी हो." धाकटी जाऊ नुकतीच लग्न होऊन आलीय, ती मला विचारते, "ताई, तुम्ही कसं ठरवता?" मी तिला काय सांगू? पुढच्या लोकसभेला मला माझं मत माझ्या मनानं द्यायचंय. कसं ठरवायचं? आणि घरात कळलं तर?

– एक सून

पोरी,

शेवटचा प्रश्न तू जाता जाता विचारलास, पण तुझं पत्र त्याच्याच ओझ्याखाली वाकलंय. पोटात भीती असली की माणूस तोलत नाही, कुणाची तरी पाठ धरतो. म्हणून आधी कळण्या-न कळण्याचं बघू.

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि त्यात येतील तेवढ्या निवडणुकांची ड्युटी केली. घड्या घातलेल्या मतपत्रिका पेटीत टाकायचे दिवस पाहिले, मग मशीन आलं. तुझे मामा अजून "शिक्का मारा" म्हणत असतील, आमच्याकडं सगळी म्हातारी माणसं तसंच म्हणतात. तर ऐक. पुठ्ठ्याच्या आडोशामागं तू एकटी असतेस. बटण दाबलं की शेजारच्या यंत्रात काचेमागं सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती तुझ्याच डोळ्यांसाठी असते, मग आपोआप कापली जाऊन पेटीत पडते. तुझ्या भाऊजींच्या पक्षाचा एजंट समोर यादी घेऊन बसलेला असतो. तो टिक करतो ती कोण आलं याची, कुणाला दिलं याची नाही. यंत्राकडं सुद्धा नुसती बेरीज असते.

एक गोष्ट मात्र खरी, ती लपवत नाही. निकालानंतर बूथवार आकडे जाहीर होतात, फॉर्म २० म्हणतात त्याला. म्हणून पुढारी गावात येऊन म्हणू शकतो, "तुमच्या गावानं मला पाठ दाखवली." गावाचं कळतं, माणसाचं कळत नाही. हजारभर मतांच्या बूथात तुझं एक मत इकडचं तिकडं झालं तर ते ब्रह्मदेवालाही हुडकता यायचं नाही.

एकदा एका केंद्रावर मी केंद्राध्यक्ष होते. एक गृहस्थ सुनेला घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, हिला समजत नाही, मी दाबून देतो." सून शिकलेली, ते मतदार नोंदवहीतल्या तिच्या सहीवरूनच दिसत होतं. सोबती घेता येतो तो अंध किंवा शरीरानं अगदी अधू मतदाराला, त्यालाही फॉर्म भरून द्यावा लागतो आणि एक माणूस दिवसभरात एकाचाच सोबती होऊ शकतो. मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं. सून आत गेली. आडोशामागं तिला बराच वेळ लागला, मागची रांग कुरकुरायला लागली. मी काही बोलले नाही. बाहेर येताना तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, बस्स. तिनं कुणाला दिलं हे मला माहीत नाही आणि तिच्या सासऱ्यालाही नाही. बहुधा सासऱ्यानं सांगितलं त्यालाच दिलं असेल, पण दिलं ते तिनं दिलं.

आता ठरवायचं कसं.

तुझ्या पत्रात मला एक मोठी गल्लत दिसते, आणि ती तुझी एकटीची नाही, सगळ्या मराठवाड्याची आहे. आमदारानं केलेलं ऑपरेशन, राज्य सरकारची योजना, गावातली भाऊबंदकी, हे सगळं तू लोकसभेच्या एकाच तागडीत टाकलंयस. मत देताना पहिला प्रश्न पक्ष कुठला हा नसतो. खुर्ची कुठली, हा असतो.

लोकांना हे कळत नाही असं समजू नकोस. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नांदेडला काय झालं आठवतं? खासदार वसंतराव चव्हाण वारले होते, म्हणून लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेच्या बरोबरीनं एकाच दिवशी, २० तारखेला झाली. त्याच केंद्रावर, त्याच माणसांनी, पाठोपाठ दोन बटणं दाबली. नांदेड लोकसभेतल्या सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीला गेल्या आणि लोकसभा काँग्रेसचे रवींद्र चव्हाण जिंकले, १,४५७ मतांनी. काहीजण म्हणाले, सहानुभूती. असेल. पण काही हजार माणसं त्या दिवशी आडोशामागं उभी राहून मनात म्हणालीच असतील, मुंबईला हा, दिल्लीला तो. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक हे मी सांगणार नाही. दोन खुर्च्या वेगळ्या तोलता येतात, एवढंच मला त्यातून दिसतं.

तू एक काम कर. लेकराच्या जुन्या वहीचं एक पान घे आणि गेल्या पाच वर्षांत तुमच्या घराला ज्या ज्या गोष्टींनी छळलं त्या लिही. पुढाऱ्यांनी भाषणात सांगितलेल्या लिहू नकोस, तुझ्या उंबऱ्याच्या आत आलेल्या लिही. मग प्रत्येकीसमोर लिही, हे कुणाच्या हातात: दिल्ली, मुंबई की परभणी.

डीपी जळाला आणि पंधरा दिवस बदलला नाही, हे मुंबईचं. शेतात जायचा पाणंद रस्ता, शाळेत मास्तर नाही, हे मुंबई आणि परभणीचं. अतिवृष्टीचा पंचनामा मुंबईचा. नळाला पाणी नाही, तर जलजीवनचा पैसा केंद्र आणि राज्य दोघांचा आणि काम जिल्हा परिषदेकडं, त्यामुळं तिथं तिघं एकमेकांकडं बोट दाखवतात. पीकविम्याचंही तसंच. रेल्वे दिल्लीची. आमच्या बीडकरांना विचार, रेल्वे रेल्वे करत दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, तेव्हा कुठं १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडला गाडी आली. पुढं परळीपर्यंतचं काम तेव्हाही बाकीच होतं.

आणि सोयाबीन. इथं थोडी थांबते, कारण तुमच्या सहा एकरांचा जीव त्यात आहे.

हमीभाव दिल्ली ठरवते. २०२४-२५ च्या हंगामाला तो क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात सोयाबीन चार हजाराच्या आसपास लोळत होतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पुढच्या वर्षी हमीभाव ५,३२८ झाला. पण हमीभाव जाहीर होणं वेगळं आणि त्या भावानं माल उचलला जाणं वेगळं. बारदाना नाही, ओलावा जास्त, नोंदणी बंद, हे सगळं तुम्ही भोगलंय. त्यात आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, म्हणून आयात शुल्क वरखाली झालं की त्याचा परिणाम मोंढ्यापर्यंत येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मे २०२५ मध्ये ते १० वर आणलं. शहरातल्या बाईला तेल स्वस्त हवं, तुला सोयाबीन महाग हवं. दिल्लीत बसलेल्या कुठल्याही सरकारपुढं हा तराजू असतो आणि तो बहुतेक वेळा शहराकडं झुकतो. कारण महागाई रोज दुकानात दिसते, तुमचा तोटा वर्षातून एकदा. मग लोकसभेच्या उमेदवाराला विचारायचा प्रश्न "शेतकऱ्यांसाठी काय करणार" हा नव्हे. त्याचं उत्तर सगळे सारखंच देतात. विचार, "खरेदी केंद्रं किती आणि कधी सुरू करायला लावणार? तेलाचं शुल्क कमी केलं तर तुमचा पक्ष काय बोलला होता?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला नसेल तर ते जुन्या बातम्यांत सापडतं.

कर्जमाफीही अशीच तपासून घे. २००८ ची केंद्रानं केली, २०१७ आणि २०१९ ची राज्यानं. तिन्ही वेळी सरकारं वेगळ्या वेगळ्या रंगांची होती. यावरून मला वाटतं की कर्जमाफी पक्षाच्या दयेतून येत नाही, निवडणुकीच्या आणि आंदोलनाच्या धाकातून येते. तुझं मत वेगळं असू शकेल.

आता आत्याबाईंचं. "ज्याचं खाल्लं त्याला जागावं." त्यांचा स्वभाव मी ओळखते, माझी आई तशीच होती, शेजारणीची वाटीभर साखर परत करताना त्यात मूठभर जास्त घालायची. पण लाडक्या बहिणीचे दीड हजार कुणाच्या घरची साखर नाही. जुलै २०२४ पासून येतात ते राज्याच्या तिजोरीतून, आणि तिजोरीत तुमच्या तेलाच्या पिशवीवरचा, खताच्या गोणीवरचा कर आहे. विधानसभेला तर दोन्हीकडून बोली लागली होती, एकजण २,१०० देतो म्हणाला, दुसरा ३,००० देतो म्हणाला. योजना आवडली म्हणून मत द्यायला माझी काहीच हरकत नाही, तो पूर्ण रास्त हिशेब आहे. बाईच्या हातात तिच्या नावाचा पैसा येणं ही लहान गोष्ट नाही, मला माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी कळलंय ते. फक्त हिशेब असू दे, ऋण नको. महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. तुझ्या सहा एकरांत सगळं सोयाबीनच आणि एकरी सहा क्विंटल धरले तर ३६ क्विंटल. हमीभावापेक्षा क्विंटलमागं ५०० रुपये कमी मिळाले तर गेले १८,०००. दोन्ही आकडे एकाच पानावर लिहून आत्याबाईंसमोर ठेव, त्या अडाणी असतील पण व्यवहारात तुझ्या-माझ्यापेक्षा पक्क्या असतील. आणि लक्षात ठेव, यातला पहिला आकडा मुंबईचा आहे, दुसरा बराचसा दिल्लीचा.

मामांचं जरा नाजूक आहे. माणूस मरणाच्या दारातून परत आला, आणि त्या रात्री ज्यानं फोन उचलला त्याला तो विसरत नाही. विसरूही नये. पण फेड कुठं करायची याला जागा असते. त्या आमदारांच्या घरी लग्नकार्य असेल तर सगळ्यांनी जा, त्यांच्या विधानसभेला मामा त्यांचं काम करतात तर करू दे, तूही तेव्हा तो उपकार मनात धरलास तर मी नावं ठेवणार नाही. लोकसभेला ते उभेच नाहीत. त्यांचा शब्द म्हणजे त्यांच्या पक्षाचा शब्द, आणि पक्षानं मामांचं ऑपरेशन केलेलं नाही. उपकार एका माणसाचा आणि फेड दुसऱ्या माणसाला, असा व्यवहार आपण उसनवारीत तरी करतो का?

"माणूस बघावा की पक्ष?" हे तू विचारलं नाहीस, पण तुझी जाऊ विचारेल. माझं उत्तर खुर्चीप्रमाणं बदलतं. सरपंच निवडताना मी माणूस बघते, पक्षाचं चिन्ह तिथं नसतंच. लोकसभेला पक्ष जास्त बघते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदाराला महत्त्वाच्या मतदानात पक्षाचा व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, पाळावा लागतो, मोडला तर खासदारकी जाते. म्हणजे तुझा उमेदवार कितीही सज्जन असला तरी त्या वेळी हात पक्ष वर करतो. खासदार निधी वर्षाला पाच कोटी, आणि मतदारसंघ केवढा? परभणी लोकसभेत तर जालना जिल्ह्यातलं परतूर आणि घनसावंगीही येतं. पाच कोटी एवढ्या गावांत वाटले तर एका गावाच्या वाट्याला सभामंडपाचे चार खांबही यायचे नाहीत. म्हणून "आमच्या खासदारानं गावात काय केलं" हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. त्यानं दिल्लीत काय विचारलं, कुठल्या कायद्याच्या वेळी कुठं उभा राहिला, रेल्वेमंत्र्याच्या दारात किती वेळा गेला, हे बघायचं. संसदेतली हजेरी आणि विचारलेले प्रश्न लोकसभेच्या संकेतस्थळावर सापडतात, भाऊजींच्या मोबाईलवरसुद्धा.

आणि तरीही माणूस बघावाच लागतो, कारण आपल्याकडं पक्षच जागेवर राहत नाहीत. २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी. ज्या चिन्हावर मत दिलं ते चिन्ह एकीकडं आणि ज्याला दिलं तो दुसरीकडं, असं लोकांनी पाहिलं. चिन्हावरून आठवलं, २०२४ ला बीडमध्ये तुतारी वाजवणारा माणूस हे एका पक्षाचं चिन्ह होतं आणि एका अपक्षाला नुसती पिपाणी मिळाली, तिचंही नाव यादीत तुतारीच. त्या अपक्षाला पन्नास हजारांवर मतं पडली. ती सगळी चुकून पडली असं मी म्हणत नाही, पण सगळी विचार करून पडली असंही कुणी म्हणू नये. तेव्हा जावेला सांग, आत गेल्यावर चित्रासोबत नाव आणि उमेदवाराचा फोटोही बघायचा, मशीनवर तो असतो.

उमेदवार तपासायचा सोपा मार्ग म्हणजे त्याचं शपथपत्र, फॉर्म २६. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. त्यात मालमत्ता, कर्ज, बायकोच्या नावावरचं, शिक्षण, गुन्हे, सगळं. मी एकूण आकड्याला फार भुलत नाही, शेतजमिनीचे भाव वाढले की सगळेच कागदावर कोट्यधीश होतात. मागच्या वेळचं आणि आताचं शेजारी ठेवून बघ. पाच वर्षांत काय वाढलं आणि उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहिलंय, यांचा मेळ बसतो का? गुन्ह्यांतही फरक कर. रास्ता रोको, मोर्चा, जमावबंदी मोडली, हे आपल्याकडं कुठल्याही कार्यकर्त्यावर असतं. फसवणूक, मारहाण, बाईवर अत्याचार, ठेवीदारांचे पैसे बुडवले, हे वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशानंतर पक्षाला सांगावं लागतं की गुन्हे असलेल्या माणसाला तिकीट का दिलं, आणि "निवडून येण्याची ताकद" एवढंच कारण त्यात चालत नाही. ते कारण वाचच. मला कधीकधी त्यात जाहीरनाम्यापेक्षा जास्त करमणूक मिळते.

जातीचं बोलायला सगळे टाळतात, मी टाळत नाही. २०२३ पासून आरक्षणाच्या प्रश्नानं मराठवाड्यातली गावं आतून हलली. पारावर बसणारी माणसं वेगवेगळ्या पारावर बसायला लागली. तू कुठल्या बाजूची आहेस मला माहीत नाही, मला विचारायचंही नाही. रागानं दिलेलं मत चुकीचं असतं असंही मी मानत नाही, रागाला कारण असतं. पण आरक्षणाच्या पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचा, घटनादुरुस्तीचा विषय निघाला की तो संसदेत जातो, आणि लोकसभेची खुर्ची तिथलीच आहे. मग आपल्या जातीचा म्हणून हार घालण्याआधी विचार, "संसदेत नेमकं काय मांडणार? तुमच्या पक्षानं लेखी काय म्हटलंय?" व्यासपीठावर एक आणि दिल्लीत दुसरं, हे या प्रश्नावर दोन्ही बाजूंच्या लोकांनी अनुभवलंय. एक जुनी गोष्ट सांगते. क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्याकडचे, आणि १९६७ ला बीडनं त्यांना लोकसभेवर पाठवलं, कम्युनिस्ट म्हणून. आमचे वडील सांगायचे, तेव्हाही जातपात होतीच, पण तो माणूस आला की पोरं झाडावर चढून भाषण ऐकायची.

आता तुझ्या मालकांचं "नोटा दाब". २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला सत्तावीस हजारांवर मतं पडली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. देशभर बातमी झाली. निकालावर परिणाम? काही नाही. नोटा पहिला आला असता तरी त्याच्या खालचा उमेदवार आमदार झाला असता. नोटाचा अर्थ "मला यातलं कुणीच नको" एवढाच, आणि तसं मनापासून वाटत असेल तर तो तुझा हक्कच आहे. पण कंटाळा आला म्हणून नोटा, हे मला पटत नाही. त्यांना हे आकडे वाचून दाखव: २०१९ ला औरंगाबादला खासदार ४,४९२ मतांनी ठरला, २०२४ ला बीडला ६,५५३ नी, आणि नांदेडचं १,४५७ मी वर सांगितलंच. १,४५७ म्हणजे एखाद-दोन बूथ झाले. सगळे सारखेच असतीलही, पण सारख्यांत कोण कमी नुकसान करेल हे आपण रोज ठरवतो की. बी घेताना दुकानदार सगळे सारखेच म्हणून डोळे झाकून पिशवी उचलतात का ते?

आदल्या रात्रीचं पाकीट आलं तर हात लावू नकोस. घेणाराही कायद्यानं गुन्हेगार ठरतो, वर्षापर्यंतची कैद आहे त्याला. आणि कुणी बेलभंडारा उचलायला लावला तर? हे अजून होतं, मला माहीत आहे, आणि बायकाच त्याला जास्त घाबरतात. माझी आजी खंडोबाची पक्की भक्त होती. ती म्हणायची, देवाला साक्षीला बोलावून चोरीचा सौदा केला तर देव सौदा करणाऱ्याला धरतो. मी तिचं ऐकते.

घरातल्यांशी भांडू नकोस. मामांना नऊ मतांचा आकडा लागतो तो गावात मिशीवर ताव मारायला. मारू दे. निकालानंतरही ते नऊच म्हणणार आणि कुणी मोजायला येणार नाही. भाऊजींनी विचारलं तर "बघू" म्हण. खोटं बोलायचं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. "बघू"त खोटं काही नाही. ते फारच खोदायला लागले तर हसून सांग, "भाऊजी, तुम्ही बूथप्रमुख, मत गुप्त असतं हे तुम्हीच आम्हाला शिकवायचं." भावाला फोनवर राजकारण बंद, पेरणीचं बोल. आणि मालकांशी मात्र उघड बोल. ते पान त्यांच्यासमोर भर. वाद होईल, होऊ दे. त्यांनी वेगळीकडं दाबलं तरी चालेल.

जाहीर सभेला जायला मिळालं तर दोन्हीकडच्या सभांना जा, एकीलाच नको. व्हॉट्सअॅपवर रात्री अकराला आलेला व्हिडिओ सकाळी चहा पिऊन बघ. रात्री सगळं खरं वाटतं.

एक राहिलं, ते पत्र वाचून झाल्या झाल्या करायचं. तुझी जाऊ नवी आलीय ना? तिचं नाव माहेरच्या यादीत असेल तर फॉर्म ८ भरून सासरच्या पत्त्यावर आणावं लागेल. नावच नसेल आणि अठरा पूर्ण असतील तर फॉर्म ६. मोबाईलवरूनही भरता येतो, नाहीतर गावातल्या बीएलओकडं, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडं, आणि अडलं तर १९५० वर फोन. निवडणूक लागल्यावर धावाधाव करतात आणि अर्ज भरायची मुदत संपली की नाव राहून जातं, मग मतदानाच्या दिवशी केंद्रावर येऊन माझ्यासारख्या बाईवर चिडतात. भाऊजींकडं यादी असणारच, त्यांनाच सांग. तेवढं काम ते आनंदानं करतील, त्यांना वाटेल घरात दहावं मत आलं.